रस्त्याचं आवतण

भोरला आमच्या आळीत मे महिन्यातल्या एका रविवारी रस्ता बंद करून जत्रा भरवतात. देवाची नव्हे, आळीचीच. गाड्या बाहेर, आत लगोरी, भोवरे, पन्ह्याची पिंपं, डांबरावर पोरांनी खडूनं काढलेले वाघ. सगळं फुकट. तोंडाशी फलक असतो, ‘कुणीही या.’

मी त्या आळीत भाड्यानं राहते आणि नोकरीला जाते. गाव माझं पासली, वेल्ह्याकडच्या डोंगरातलं, भातशेतीचं. आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि सांगत राहीन.

गेल्या वर्षी हट्टानं मी जत्रेत एक कोपरा मागून घेतला. म्हटलं, माझं गाव इथं येईल, बाया फुगड्या घालतील, म्हातारे दोर वळून दाखवतील. गावात पारावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, मोबाईलवरच्या ग्रुपवर चित्र टाकलं. आलं कुणीच नाही. संध्याकाळपर्यंत मी मोकळ्या सतरंजीशेजारी उभी.

जत्रेचं बघणारे काका माणूस वाईट नाहीत. पण म्हणाले, “तुमच्याकडच्या लोकांना आवड नसते हो असल्याची. पुढच्या खेपेला इथं सेल्फीची चौकट लावू.”

मला ते झोंबलं. आवड नसते म्हणे! गावच्या जत्रेत रात्रभर नाचणारी माणसं ती. म्हटलं, “काका, अजून एक वर्ष द्या. नाही आले तर चौकट मी स्वतः उभी करते.”

गावी गेल्यावर आबांना, म्हणजे वडलांना, सरळ विचारलं, “का नाही आलात?”

“बोलावलं कुणी?”

“पारावर सांगितलं की!”

“पारावर सांगितलं ते समद्यांला. म्हंजी कुणालाच न्हाई. आमच्या उंबऱ्याला कोण आलं व्हतं?”

खरंच होतं. आमच्यात आवतण उंबऱ्याशी येतं, कुंकू लावून, हातावर अक्षता देऊन. त्याशिवाय सख्ख्या भावाच्या लग्नालाही माणूस जात नाही.

मग यंदा मी ताट घेतलं, कुंकू घेतलं, अक्षता घेतल्या आणि ऐन उन्हात निघाले. आबा म्हणाले, “रस्त्याचं आवतण घिऊन म्या न्हाई फिरायचा. गाव हसंल.” हसलंच.

“कुनाचं लगीन गं?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“लग्न नाही काकू. भोरला या, रस्त्यावर जत्रा आहे.”

“आन् जेवाण?”

“भेळ.”

“भेळंसाटी तांदूळ नासतीस व्हय गं? शिकलीस कशाला यवढी?”

पलीकडच्या ओट्यावरून त्यांचे दीर ओरडले, “फुकट म्हनत्यात आन् कुकर गळ्यात मारत्यात. न्हाईतर इम्याची पालिसी!”

“कुकर दिला तर मी परत करीन. तुमी या,” म्हटलं आणि त्यांच्याही हातावर अक्षता ठेवल्या.

पुढच्या घरची म्हातारी मात्र अडून बसली. घरचा कर्ता बरोबर नाही, मग हे आवतण कसलं? मी वाद घालणार तेवढ्यात मागनं खोकला आला. आबा. टोपी घालून, घामाघूम. म्हातारीला म्हणाले, “आवतण माजंच हाय. पोर फकस्त ताट धरतीया.” मला राग आला, हसूही आलं. ताट मात्र मीच धरलं, शेवटच्या घरापर्यंत.

जत्रेच्या सकाळी काकांनी चौकट आणून भिंतीला टेकवूनच ठेवली. मी तिच्याकडं बघितलं नाही. सतरंजी झटकली, पाण्याचा माठ भरला. ऊन तापलं तरी कोपरा मोकळाच. नसरापूरच्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येक टेम्पोकडं मान वळत होती.

आणि मग तो आला, काठोकाठ भरलेला. बाया नवी लुगडी नेसलेल्या, पुरुष इस्त्रीच्या कपड्यात. उतरले ते थेट फुगडीला नाही, आधी विचारलं, “यजमान कोन?”

मी काकांकडं बोट दाखवलं. आवतणाला रिकाम्या हातानं कोण येतं? आबांनी काकांना उभं केलं, कपाळाला गंध लावला, डोक्यावर टोपी चढवली, हातात नारळ दिला. मागनं आमच्या शेजारच्या काकू तांदळाची पिशवी घेऊन पुढं सरकल्या. मग त्यांचे दीर टॉवेल घेऊन.

काका गांगरले. “अहो, इथं सगळं फुकट आहे! काही घेत नाही आम्ही!”

“तुमी घेऊ नका,” दीर म्हणाले, “आमी देतूय.”

“घ्या काका,” मी म्हटलं. “नाही घेतलंत तर हे टेम्पोत बसतील परत.”

काकांनी घेतलं. तोवर बायांनी पदर खोचले होते. आळीतल्या नोकरदार बायका आधी कडेला उभ्या होत्या; काकूंनी एकीचा हात धरून ओढला, “बगतीस काय, ये की!” तिची चप्पल एकीकडं, ती एकीकडं. खडूचे वाघ पार पुसले गेले. पोरं रडली नाहीत, तीही घुसली.

निघताना आबांनी काकांना विचारलं, “आमच्या जत्रंला कवा येता?”

“बघू,” काका म्हणाले.

“बघू म्हणायचं नाही,” मी म्हटलं. “यांच्या आवतणाला हो नाहीतर नाही.”

डोक्यावरची टोपी सावरत काकांनी आळीकडं एकदा बघितलं. “येतो,” म्हणाले. “पण उंबऱ्याशी या हं बोलवायला. प्रत्येकाच्या.”

“यीन की,” आबा म्हणाले, आणि तिथंच मला विचारायला लागले, आळीत घरं किती.