साधा का पूर्ण

प्रिंटर थांबतच नव्हतं. एक पान बाहेर, दुसरं बाहेर, अन् मी नुसती बटनं दाबून राह्यले, कारण एकच पान निघाय पाह्यजे व्हतं अन् ती बाई समोरच उभी व्हती, आपल्या रिपोर्टसाठी.

भोकरदनच्या एका लॅबमधी मी कॉम्प्युटरवर बसायचे. नववी नापास, कॉम्प्युटरचा कोर्स बी अर्धाच, मांडीवर तान्हं लेकरू. रिपोर्ट काढाय गेलं की स्क्रीनवर चौकट यायची, 'साधा' का 'पूर्ण'. पूर्ण डॉक्टरसाठी, त्यात सगळं. साधा घरी न्यायला, एकच पान, आजाराचं नाव न्हाई. आमच्याकडं जड आजार पेशंटला तोंडावर कोणी सांगत न्हाई. हिच्या नवऱ्यानं बी सकाळीच हात जोडल्ते, "ताई, साधाच द्या. तिला कळलं त ती जेवणच सोडंल."

पण आधीच्या पेशंटचा पूर्ण काढल्ता. चौकटीत 'पूर्ण'च राह्यलं अन् मी घाईत तसंच दाबलं.

नवरा जीप पाहाय गेल्ता. तिनं तिन्ही पानं उचलली.

"सगळ्यायला एक पान, मला तीन? माही बिमारी लई शिकलेली दिसती!" म्हणली अन् हसली. मंग हसू गेलं. "मला इंग्लिश येत न्हाई बाई, तू सांग. जड असंल त मी आजच जाफराबादला माहेरी जाते, पोरीला माह्या मायच्या हातात देते. साधं असंल त कापूस वेचायचा पडलाय."

तिची पोर माह्या लेकराचा पाय धरून खेळून राह्यल्ती. त्या कागदावरचा आजाराचा तो एक शब्द मला वाचता येत व्हता, छापून छापून. आतून डॉक्टर म्हणले, "झालं का न्हाई?" बाहेर जीपचा हॉर्न. ही नोकरी गेली त लेकराला काय घालू.

"हे दुसऱ्याचं हाये, चुकून निघालं," मी म्हणले. पानं ओढून घेतली, साधा दाबला. "रगत कमी हाये तुमचं. गोळ्या बराबर घ्या."

"मंग ठीक हाये," ती म्हणली अन् पोरीला कडंवर घेऊन गेली. माहेरी न्हाई, वेचणीला.

थंडी सरली तवा नवरा आल्ता. संगं पोर. ती न्हाई.

"तिची माय रोज इचारून राह्यली, माह्या लेकीला झालं काय व्हतं," तो म्हणला. "मायला कोणी सांगितलंच न्हाई. रिपोर्ट पाह्यजे, ताई."

मी नाव टाकलं. तीच चौकट आली, साधा का पूर्ण.

"कोणता काढू?" मी इचारलं.

त्यानं पोरीला जवळ ओढलं.

माहा हात माऊसवरच. तुम्ही असता त्या खुर्चीवर, लेकरू मांडीवर घेऊन, अन् ती समोर उभी ऱ्हाऊन इचारती, त तुम्ही काय सांगितलं असतं?