भाच्यानं खून केला

१९४६, दिवाळी सरलेली, शनिवारचा दुपारचा खेळ. हजर: सासूबाई, शेजारच्या मिशन शाळेतल्या बाई आणि मी. गैरहजर: मामंजी. त्यांना कापडबाजारात जातो म्हणून सांगितलं होतं.

आमच्याकडे जेवणं झाली की मामंजी रहस्यकथा मोठ्यानं वाचत आणि आम्ही निवडणं-टिपणं करत ऐकत असू. त्या वेळी रावबहादुरांचा खून झाला होता आणि संशय तिघांवर होता: भाचा, कारकून, डॉक्टर. शेवटच्या प्रकरणाशी येऊन मामंजींनी पुस्तक मिटलं. अट घातली, "माझ्या तंबाखूबद्दल बोलणं कायमचं बंद करा, मग पुढचं वाचतो." सासूबाईंना वाचता येत नव्हतं. मला येत होतं, पण पुस्तक त्यांच्या पेटीत आणि किल्ली जानव्याला. सासूबाई बधल्या नाहीत.

कथा इंग्रजीवरून घेतलेली होती आणि प्रस्तावनेतलं मूळ नाव मामंजींनी वाचून दाखवलं होतं, ते मी बाईंना सांगून ठेवलं होतं. तेच नाव बाईंना कॅम्पातल्या थिएटरच्या पाटीवर दिसलं. मी लगेच टांगा ठरवला.

पडद्यावर पहिल्याच रिळात एक टकले साहेब कोसळले. "हे आपले रावबहादूर," सासूबाई म्हणाल्या. मग पंचाईत झाली. सगळ्यांच्या डोक्यावर टोपी, अंगात एकसारखे लांब कोट. पुढच्या रांगांत गोरे सोल्जर शिट्या मारत होते. बाई एका वाक्याचं मराठी करेपर्यंत पडद्यावर चार वाक्यं होऊन जात.

"हा काय म्हणतोय?"

"त्या वेळी मी बागेत होतो म्हणतोय, काकू."

"खोटं बोलतोय मेला."

शेवटी बेड्या पडल्या त्या चष्मेवाल्याला. हातात औषधांची बॅग होती, म्हणजे डॉक्टरच. पण त्याआधी पोलीस अधिकारी एका दमात इतकं काही बोलला की बाईंनी हात टेकले. डॉक्टरनं खून का केला, कसा केला, काहीच उलगडलं नाही.

घरी आल्यावर मामंजींनी विचारलं, "मिळालं का कापड?"

"कापड कुठलं, सिनेमा पाहिला. तुमच्याच पुस्तकाचा. भाच्यानं खून केला."

"भाच्यानं? काहीतरीच काय!"

"बेड्या घालून नेला त्याला. विचारा सूनबाईला."

मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.

"अगं, भाचा त्या दिवशी पुण्याला होता!"

"असेल. साहेबाला जास्त कळतं."

हे मात्र मामंजींना सोसलं नाही. त्यांनी पेटी उघडली आणि उभ्या उभ्याच शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं: विषाची पुडी, खोटं मृत्युपत्र, डॉक्टरचा कबुलीजबाब, थेट 'समाप्त'पर्यंत. मधे चहा निवला. सासूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "असं होय. बरं, आता ती तंबाखूची डबी इकडे द्या."

मामंजींनी डबी दिली नाही, पण येईल त्याला सांगत सुटले की इंग्रजांनी आपल्या चांगल्या मराठी पुस्तकाची वाट लावली. महिन्याभरानं सासूबाई मला म्हणाल्या, "सिनेमातही डॉक्टरच होता, हे सवडीनं सांग हो त्यांना."

ते काम अजून माझ्याकडेच आहे.