न उघडणारा व्हॅक्यूम क्लीनर

आमच्या शेजारच्या घड्याळकाकांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. नजर मंदावली तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि हत्यारांची पेटी घरी आणली. त्या दिवसापासून काकूंच्या घरातली एकेक वस्तू आजारी पडू लागली. म्हणजे वस्तू धडधाकट असायची. काका फक्त 'जरा बघू' म्हणायचे. त्यांनी बघितल्यावर इस्त्रीची मूठ तापू लागली. मिक्सर बटण बंद केल्यावर सुरू व्हायचा. पंखा जोडून झाल्यावर उरलेले स्क्रू काकूंनी पुढे केले, तर म्हणाले, "अगं, कंपनीवाले जास्तीचेच घालतात."

अशात काकूंची कंबर धरली. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, केर काढायचा नाही. काकांनी मोठ्या हौसेने केरसुणी हाती घेतली आणि सगळा केर सोफ्याखाली सारला. काकूंनी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरवलं.

"बाई, तुम्ही चला बरोबर," त्या मला म्हणाल्या. "देखभाल लागणारं यंत्र नकोच. देखभाल म्हटलं की हे आलेच. आणि यांनी ते उघडलं की माझी कंबर पुन्हा केरसुणीला जुंपली."

काका न बोलावता आलेच.

दुकानातला विक्रेता बोलघेवडा होता. "काकू, हा बघा. पिशवीची भानगड नाही. टाकी निघते, फिल्टर निघतो, ब्रश निघतो, सगळं घरच्या घरी सुटं करून धुवा!"

काकांचे डोळे चमकले. काकू दोन पावलं मागे सरल्या.

"न उघडणारा दाखवा," त्या म्हणाल्या.

"न उघडणारा? अहो, मग कचरा कुठून काढणार?"

"तेवढंच उघडू दे. बाकी काही नको."

"यांना म्हणायचंय, कमी कटकटीचा," मी मध्ये पडले.

त्याने एक साधा, गोल पोटाचा यंत्रोबा काढला. वर झाकण, आत कागदी पिशवी. भरली की फेकायची, नवी लावायची; धुणं नाही, झटकणं नाही. काकूंनी हात लावायच्या आत काकांनी तो उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून पोटाखाली पाहत बसले. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"याचे स्क्रू भलतेच आहेत. खोल खड्ड्यात, वर तिकोनी तोंडाचे. याला लागणारं हत्यार माझ्याकडे नाही."

"हाच बांधून द्या," काकू म्हणाल्या. किंमत त्यांनी नंतर विचारली.

घरात सुख नांदू लागलं. काकू ताठ उभ्या राहून घर झाडत आणि काका खुर्चीत बसून यंत्राकडे अशा नजरेने पाहत, जणू कोणी नातेवाईक त्यांच्याशी बोलणं टाकून बसला आहे.

मग एके सकाळी यंत्र नुसतंच घरघरलं, ओढेना. काकूंनी घाबरून मला हाक मारली. मी गेले तर काकांनी टेबलावर पांढरं फडकं अंथरलं होतं, डोळ्याला भिंग लावलं होतं. काकू दारात उभ्या, आत शस्त्रक्रिया चालू असल्यासारख्या.

काकांनी झाकण उघडलं. पिशवी गच्च भरली होती. त्यांनी ती काढली, नवी लावली, झाकण बंद केलं. यंत्र छान ओढू लागलं.

"झालं?" काका हिरमुसून म्हणाले.

काकूंना राहवलं नाही. "पिशवी बदलणं मला नाही हो जमायचं. ते तुमच्याकडेच ठेवा."

काकांनी हे मनावर घेतलं. पिशवी लवकर भरावी म्हणून आता ते स्वतःच सकाळ-संध्याकाळ घर झाडतात, अगदी सोफ्याखालीसुद्धा. काकू पाय पसरून पेपर वाचतात. घरात धुळीचा कण उरला नाही, ही काकांची नवी अडचण.

काल ते यंत्र घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"बाई," त्यांनी संकोचून विचारलं, "तुमच्याकडे थोडी धूळ असेल का?"