पाच लेक

गारखेड्यात आमच्या समोर राहणाऱ्या या गृहस्थाचा आपल्या सरकारवर काडीचा भरवसा नाही, पण अमेरिकेच्या सरकारवर मात्र लई. त्या सरकारनं लहान मुलांसाठी वेबसाइट काढली आहे. तिच्यावरून तो दहा वर्षांच्या पोरीकडून तिकडचे राष्ट्राध्यक्ष, राज्यं, सणवार पाठ करून घेतो. "सरकारी हाय, फुकट हाय, अन् तरी खरं हाय," असं मला रोज ऐकवतो.

दुष्काळामुळं गल्लीत चौथ्या दिवशी टँकर येतो. परवा आला तेव्हा पोरगी हंडे वाहत होती आणि हा ओट्यावर खुर्ची टाकून, मोबाइलात बघत तिची उजळणी घेत होता.

"अमेरिकेला ग्रेट लेक किती?"

"पाच," हंडा सावरत पोरगी म्हणाली.

"तळी हायेत, भाऊ. समुद्राएवढाली," त्यानं मला समजावलं.

टँकरच्या नळीपाशी उभी असलेली त्याची बायको तिथूनच म्हणाली, "पाच लेकी हायेत व्हय तिला? मग एखादी धाड म्हणावं हंडे उचलायला. आपली एकलीच हाय, दमली ती."

रांग हसली. मीही हसलो. तो खुर्चीतून तसूभर हलला नाही. माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "हिला भूगोल कळत नाय."