चढावरची परीक्षा

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला सकाळी बाभळीचा कोळसा पेटवतो आणि त्याचा कडवट, घशाला चिकटणारा वास खिडकीतून आत येतो. मला त्या वासाने धुळ्याहून सोनगीरला जाणारी युद्धकाळातली सर्व्हिस मोटार आठवते आणि तिच्यामागोमाग राग येतो. राग जुना आहे. कमी झालेला नाही.

पेट्रोल मिळेनासं झाल्यावर आमच्याकडच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. गाडीच्या पाठीमागे उंच लोखंडी भट्टी. तिच्यात कोळसा ओतायचा, हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा आणि गॅस धरला की निघायचं. माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही नाना म्हणत असू, त्या मोटारीवर क्लीनर होता. भट्टी त्याच्या ताब्यात असे. पापण्या कायम जळक्या, आणि हसला म्हणजे काळवंडलेल्या चेहऱ्यात दातच तेवढे दिसत. कोळशाच्या गाडीत ताकद कमी. सपाटीवर ती बरी चाले, पण चढावर थांबली की पुन्हा हलत नसे. उतारूंना उतरून ढकलावं लागे. त्यातून या गाड्यांवरच्या माणसांची एक रीत पडून गेली होती. चढावर कुणीही हात दाखवो, गावचा पाटील का असेना, गाडी माथ्यावर नेऊनच थांबवायची. हात दाखवणारा धापा टाकत मागून येई, शिव्या देत चढे आणि जागा मिळाली की गप्प बसे. मोटारीचा म्हातारा ड्रायव्हर, सगळ्यांचा आबा, नानाला शिकवताना म्हणे, "हाई गाडी नही, सासू शे. चढवर बसनी ते उठाव नही."

आबाला दिसेनासं होत चाललं होतं. मालकाने नानाला स्पष्ट सांगितलं की दिवाळीच्या आत परवाना आणलास तर गाडी तुझी, नाहीतर मी बाहेरचा ड्रायव्हर आणतो. भट्टीपाशी उभं राहून नानाने त्या जागेची किती वाट पाहिली होती, हे मला ठाऊक होतं.

परवान्याच्या परीक्षेत काय करून घेतात हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं. नियम छापलेले असतील, तर ते नानापर्यंत पोचले नव्हते. स्टँडवर ऐकीव गोष्टींचा बाजार भरलेला असे. एकजण म्हणे हाताच्या खुणा विचारतात. दुसरा म्हणे इंजिनाच्या भागांची इंग्रजी नावं. नानाने ती नावं पाठ केली. अर्थ न कळता, भट्टी फुलवताना, एका सुरात.

परीक्षा घेणाऱ्या पोलीस साहेबांना भट्टीचा धूर चालत नसे. उमेदवाराने पेट्रोलची मोटार आणावी, अशी त्यांची शिस्त. जिल्हा कोळशावर चालत होता आणि परीक्षा पेट्रोलवर होत होती, याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. मालकाने एका व्यापाऱ्याची मोटार मागून आणली. मी मागच्या सीटवर बसलो. नानाने गाडी बाजारातून नीट काढली, बैलगाड्यांच्या रांगेतून अंग न लावता नेली, सांगितलं तेव्हा मागे घेतली. मग आम्ही पांझरा नदीच्या काठाने वर येणाऱ्या रस्त्याला लागलो. चढ निम्मा झाला होता. साहेबांनी हात वर केला आणि म्हणाले, "थांब."

नानाने मान हलवली आणि गाडी माथ्यावर नेऊन अलगद उभी केली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. साहेबांना धक्का न देता थांबवल्याचं.

साहेब उतरले. "नापास," म्हणाले. नाना इतकंच म्हणाला, "साहेब, चढ शे ना..." तोवर माथ्यावर थांबलेल्या पुढच्या उमेदवाराला हाक गेली होती.

का थांबला नाहीस, हा एक प्रश्न. तो विचारायला काही लागत नव्हतं. ज्याला चूक म्हटलं ती कुठून आली हे न पाहता माणसाला घरी पाठवणं, याला मी परीक्षा म्हणत नाही. आज परवान्यासाठी धडपडणारे तरुण मला विचारतात, तिथे काय अपेक्षित असतं? मी सांगतो, गाडी चालवता येते की नाही ते पाहतीलही. सांगितलेलं तत्क्षणी करता की नाही, ते नक्की पाहतील. तिथे आपलं शहाणपण घेऊन जाऊ नका. हे सांगताना माझं मलाच बरं वाटत नाही.

दिवाळीला मालकाने बाहेरचा ड्रायव्हर आणला. नानाने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली, चढावर हुकूम होताच थांबला आणि पास झाला. सोनगीरची गाडी गेलीच होती. त्याला जळगावच्या एका कापसाच्या जिनाची लॉरी मिळाली, तीही कोळशाचीच.

एकदा एरंडोलहून त्याच्याशेजारी बसून मी जळगावला निघालो होतो. मागे सरकी भरलेली. गिरणा नदी ओलांडून काठ चढताना रस्त्याकडेच्या शिपायाने हात वर केला आणि नानाने तिथल्या तिथे, ऐन चढावर, ब्रेक दाबला. शिपाई पलीकडच्या शेतातल्या कुणाला तरी बोलावत होता. आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. इंजिन बंद पडलं. मी चिडून विचारलं, नाना, तुला चढ दिसत नव्हता का?

"दिसना ना," तो म्हणाला. "पन हात वर व्हयना." म्हणजे चढ दिसला होता, पण हात वर झाला होता.

मग तो उतरला, चाकामागे दगड लावला आणि ढकलायला माणसं येण्याची वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसून राहिला.