दहा सेकंदांचे पाहुणे

आमचं ऑफिस मार्केट यार्डात, धान्याच्या एका गाळ्यावर. खाली पोती साठतात, वर किस्से. खालचा माल निदान संध्याकाळपर्यंत उचलला जातो, आमचा तसाच पडून राहतो. म्हटलं, आज जरा जागा मोकळी करू.

काम ऑनलाइन मार्केटिंगचं. छोट्या उद्योगांना लीड्स मिळवून द्यायच्या, म्हणजे ज्यांना खरंच काही हवंय अशा माणसांची नावं आणि नंबर. वैशालीताई आमच्या क्लायंट. मूळच्या वर्ध्याच्या, ब्लाउज शिवायला शिकवणारा ऑनलाइन क्लास काढलेला. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं, "दादा, महिनाअखेर दहा जणी जमल्या तर बॅच. नाही तर मशीन बांधून मी परत वर्ध्याला!"

जाहिरातीला बजेट नव्हतं, म्हणून मी ट्रॅफिक एक्स्चेंज सुचवलं. प्रकार सोपा आहे. आपण इंटरनेटवर दुसऱ्यांच्या जाहिरातींची पानं बघायची, प्रत्येक पान दहा सेकंद. त्याचे क्रेडिट्स मिळतात. तेवढ्या वेळा आपलं पान दुसऱ्यांना दिसतं.

*

पहिल्या दिवशी दोनशे जणांनी पान पाहिलं! मी धावत जाऊन पेढे आणले.

आगाशेकाका आमच्याकडे अर्धा दिवस येतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्यभर माल तपासून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "पेढे कशाचे?"

"काका, दोनशे लोक येऊन गेले!"

"थांबले किती?"

"दहा सेकंद."

"अहो, बसने आपल्या घरावरून गेले, त्यांना पाहुणे म्हणत नाहीत."

पेढा मात्र घेतला. दोन घेतले.

*

तिसऱ्या दिवशी आमच्या पानावरचा पहिला फॉर्म भरून आला. वैशालीताई मापाची टेप गळ्यात घालूनच ऑफिसात हजर. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"नमस्कार साहेब, मी येरवड्याहून पवार. तुम्हाला लीड्स हव्यात का?"

तोही आमच्याच धंद्यातला! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. एक्स्चेंजवर सगळे विकणारेच, घेणारा कोणीच नाही.

"बापा!" वैशालीताई म्हणाल्या. "म्हणजे आपण सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राहिलो का?"

तोंडाकडे तरी कुठे, सगळे घड्याळाकडे बघत होते. मला त्या दिवशी खरंच लाज वाटली. पवारांचे फोन मात्र येतच राहिले आणि मी कापतच राहिलो.

*

क्रेडिट्स कमवायचं काम मी आगाशेकाकांना दिलं. संध्याकाळी पाहतो तर जेमतेम अकरा पानं!

"काका, अकराच?"

"पूर्ण वाचली."

"अहो, दहा सेकंद झाले की पुढे जायचं असतं!"

"न बघता एक नग पास केला नाही मी उभ्या नोकरीत. आता या वयात सुरुवात करू?"

शिवाय प्रत्येक पानवाल्याला ईमेल. पवारांना लिहिलं होतं: 'आपल्या पानावर हमखास हा शब्द सात वेळा आला आहे. सहा काढावेत. सातव्यावर विश्वास बसण्याची शक्यता आहे.'

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी पवारांचं उत्तर: 'सर, काढले. इतके महिने पान चालू आहे, वाचणारे तुम्ही पहिलेच.'

ते उत्तर मी दोनदा वाचलं.

*

मग मीच नको ते विचारलं. "काका, आपलं पान वाचलंत का?"

"वाचलं. 'आयुष्य बदलणारी सुवर्णसंधी' म्हणे. मी शोधली, कुठे दिसली नाही."

"मग काय लिहू?"

काकांनी वैशालीताईंकडे खुर्ची वळवली. "बायका तुमच्याकडे काय तक्रार घेऊन येतात?"

"बाही ओढते म्हणतात. हात वर केला की सारा ब्लाउजच वर!"

"हेच लिहा. दहा सेकंदांत तेवढंच वाचून होतं."

लिहिलं. 'हात वर केला की ब्लाउजही वर जातो? पहिला धडा फुकट पाहा.' खाली नाव आणि नंबर, बस्स. दोन दिवसांनी एक फॉर्म आला. मी घाबरतच फोन लावला, तर खरीखुरी बाई, खरीखुरी बाही! एक्स्चेंजवर साबण विकायला आलेली. मग तिची बहीण. मग आणखी दोघी. विकणाऱ्यांनाही ब्लाउज लागतातच की!

*

महिन्याचा शेवटचा दिवस. नऊ जणी झाल्या होत्या आणि दुपारपासून एकही फॉर्म नव्हता. वैशालीताईंनी खालच्या गाळ्यातून मशीन बांधायला सुतळी मागून आणली होती आणि ती नुसती बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

तेवढ्यात फोन. "साहेब, येरवड्याहून पवार. लीड हवी का?"

"नको हो!"

"कापू नका! एकच आहे. माझी बायको."

"काय?"

"काल क्रेडिट्स कमवत बसलो होतो. तुमचं पान आलं. दहा सेकंद झाले, मी पुढे जाणार, तर ही मागून ओरडली, 'थांबा, पुढे नका जाऊ!'"

वैशालीताईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "ताईंना द्या," म्हणाल्या. "ताई, पहिले सांगा, कोणती बाही जास्त ओढते? डावी का उजवी?"

मी आगाशेकाकांकडे पाहिलं. ते कोणाचं तरी पान वाचत होते. मान वर न करता म्हणाले,

"आता आणा पेढे."