बसूचे झोपाळू उंदीर

उंदरांच्या लॅबमध्ये काम केलेली दोन माणसं भेटली की तिसऱ्याने सरळ उठून जावं. किस्से संपतच नाहीत. त्यातून आमची लॅब लातूरची, जिल्हा नुकताच वेगळा झालेला आणि वरून दुष्काळ. मग काय विचारता!

आमच्या फार्मसी कॉलेजात उदगीरचा बसवराज थिसिस करत होता. सगळे त्याला बसू म्हणायचे. विषय असा, की उंदराला रोज मॉर्फिन देत राहिलं तर त्याच्या लिव्हरची इतर औषधं जिरवायची ताकद कमी होते का? बघायची रीत साधी. झोपेचं इंजेक्शन द्यायचं, उंदराला उताणं ठेवायचं आणि तो आपणहून पालथा होईपर्यंत स्टॉपवॉच धरून बसायचं. औषध उशिरा जिरलं तर झोप लांबते.

*

मॉर्फिनला परवाना लागतो. नव्या जिल्ह्याचं ऑफिस म्हणे, फाईल जुन्या जिल्ह्यात आहे. जुनं ऑफिस म्हणे, तुम्ही आता आमचे राहिला नाहीत. बसूच्या चपला झिजल्या. शेवटी एका साहेबांनी सही केली, पण पेन खाली ठेवून विचारलंच, “उंदराला येवढं काय दुखायलंय हो?”

मॉर्फिन मिळालं ते एकदाच. ते वाया गेलं तर दुसरं नाही, म्हणजे डिग्रीही नाही. या काळजीने बसूचं जेवणातलं लक्षच उडालं होतं.

*

बसूचे वडील उदगीरच्या मोंढ्यातले धान्याचे व्यापारी. एकदा कपाळाला भस्म लावून लॅब बघायला आले. उताणे पांढरे उंदीर बराच वेळ न्याहाळले.

“ह्येंला खायला काय घालता?”

“हरभरा, गहू,” बसू म्हणाला.

“आमची हयात पिंजरे लावण्यात गेली, अन् तू त्येंला हरभरा चारून झोपवायलास?”

*

उन्हाळ्यात अख्ख्या कॉलेजात कूलर एकच, तोही उंदरांच्या खोलीत. त्यांना उकाडा सोसत नाही ना! हळूहळू एकेक प्राध्यापक काहीतरी निमित्त काढून तिथे येऊन बसू लागले. एके दिवशी तर स्टाफ मीटिंगच तिथे भरली. उंदरांची देखभाल करणारे चाँदभाई दारात उभे राहिले.

“साब, गर्दीनं जनावरं घाबरतेत. तुमी लोकं भाईर बसा. नोकरी तुमची पक्की हाय, ह्येंची न्हाई!”

*

आधी माद्यांची तपासणी झाली. मॉर्फिन दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांच्या झोपेत फरकच नाही! बसू डोकं धरून बसला. चाँदभाईंनी त्याची समजूत घातली.

“दिल छोटा करू नका. बायांला दुष्काळात कुठली झोप? नर बघा, लई झोपतेत!”

मी बाजूलाच उभी होते. एवढं शास्त्रशुद्ध बोलणं मी त्या कॉलेजात दुसरं ऐकलं नाही.

*

मग नर. पहिल्या तुकडीत मॉर्फिनवाले आणि बिनमॉर्फिनवाले, सगळे सारखाच वेळ झोपलेले. आमचे गाईड सर चक्रावले. खोदून विचारल्यावर कळलं, मधेच टँकरचा हॉर्न वाजला होता. बसू बादली घेऊन पळाला, रांग मोठी होती, परत येईपर्यंत सगळे उंदीर उठलेले. त्याने तीच वेळ सगळ्यांना लावून टाकली!

“संशोधक आहेस की पाणक्या?” सर कडाडले. “आता मी स्वतः बसतो!”

मॉर्फिन संपलं होतं आणि नरांची ही एकच तुकडी उरली होती. त्या दिवशी सर स्टॉपवॉच घेऊन बसले, शेजारी बसू, मागे मी. बिनमॉर्फिनवाले एकेक करून पालथे झाले. मॉर्फिनवाले अजून उताणेच.

तेवढ्यात हॉर्न! पाठोपाठ समोरच्या क्वार्टरमधून सरांच्या मिसेसची हाक, “अहो, टँकर! घरात घोटभर पाणी नाही!”

सरांनी उंदरांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, स्टॉपवॉच बसूच्या हातात कोंबलं. “हलायचं नाही इथून!” आणि पळाले.

बसू हलला नाही. त्याची स्वतःची बादली टेबलाखाली रिकामीच पडली होती. मला त्याची फार दया आली.

प्राध्यापक म्हणून लोकांनी सरांना रांगेत पुढे घेतलं. ते घरी पाणी टाकून, भिजल्या पँटने, धापा टाकत दारात आले.

“उठला का रे एखादा?”

“न्हाई सर! एकबी न्हाई!” बसूचा आवाज चिरकला.

“मग तुझी बादली दे लवकर, मी भरून आणतो!”